अण्णांचं इंजिन, अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांच्या हप्त्यांत

१६ नोव्हेंबर २०२३, चौल

भाऊबीज काल झाली, पाहुणे गेले, आज सकाळी विहिरीजवळच्या इंजिनखोलीचं दार उघडलं. उघडलं म्हणजे बिजागरी गंजून हातात आली. आत सोडणं, झावळ्या, दोन फुटकी घमेली, गांधीलमाश्यांचं पोळं आणि या सगळ्याखाली अण्णांचं किर्लोस्कर एव्ही-वन. पाच हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, १५०० आरपीएम, पाण्यावर थंड होणारं. अण्णांनी १९७८ ला घेतलेलं. वाडीत लाईटची मोटर बसली तेव्हापासून हे कोपऱ्यात पडून.

आता हे का काढायचं, तर ३ जून २०२०. निसर्ग वादळ आलं तेव्हा मी समुद्रात तेलाच्या रिगवर होतो, कोविडमुळे ड्युटी लांबलेली. इकडे एकोणीस माड आडवे, पोफळींचा तर हिशोबच नाही, आणि लाईट महिनाभर गायब. घरात विहीर असून आई आणि ही कळशीने पाणी ओढत होत्या आणि पाच हॉर्सपॉवरचं इंजिन दहा फुटांवर गंजत होतं. तेव्हापासून डोक्यात आहे, मुहूर्त साडेतीन वर्षांनी लागला.

नोंदी का लिहितोय तेही लिहून ठेवतो. मी मुंबई हाय तेलक्षेत्रात जॅकअप रिगवर (समुद्राच्या तळाला पाय टेकवून उभी राहणारी, तेलविहीर खणणारी रिग) फ्लोअरमन आहे, म्हणजे पाइप जोडणारा-सोडवणारा कामगार, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत. २८ दिवस तिकडे, २८ दिवस इकडे. रिगवर बारा तासांची शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला हँडओव्हर द्यायचा, कुठला व्हॉल्व्ह बंद ठेवलाय, कुठली स्लिंग बाद केलीय, काय अर्धवट आहे, लिहूनही आणि तोंडीही. घरच्या कामाला हँडओव्हर देणारा मीच आणि घेणाराही मीच, मधे अठ्ठावीस दिवसांचं भोक. गेल्या वर्षी हिची शिलाई मशीन उघडून गेलो होतो, परत आल्यावर तीन स्क्रू कुठले ते आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणून ही वही.

आजची स्थिती: फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) जाम. अजिबात हलत नाही. नोझल (आत डिझेल फवारणारं) काढून वरून डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं-अर्धं ओतलं.

१९ नोव्हेंबर

हलत नाही. पोराने पहार लावून बघू म्हटलं, त्याला हाकललं.

ड्रिलिंगमध्ये पाइप स्टक होतो तेव्हा पण हेच. तेलविहिरीच्या भिंतीला पाइप चिकटून बसतो, वर ओढला तर येत नाही, फिरवला तर फिरत नाही. नवा माणूस म्हणतो ओढा अजून. ड्रिलर ओढत नाही, तो आधी तिथे चिकटण सोडवणारं द्रव्य सोडतो आणि भिजू देतो, मधेमधे थोडं वर थोडं खाली. जोर लावून पाइप तुटला तर मग फिशिंग, म्हणजे आत राहिलेला तुकडा वरून हत्यार सोडून पकडून काढायचा. त्यात दिवसच्या दिवस जातात. मी नवीन लागलो तेव्हा घरी फोनवर सांगितलं होतं, चार दिवस फिशिंग चालू आहे, तर अण्णांनी विचारलेलं काय मिळालं, सुरमई की घोळ.

तर भिजू दे.

२६ नोव्हेंबर

हललं!! अर्धा इंच. फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून मी आणि पोरगा दोघांनी ओढलं, करकर करून हललं आणि थांबलं. मग मागे, मग पुढे. संध्याकाळपर्यंत पाव चक्कर. अण्णा खुर्ची टाकून बसलेले, बोलले काही नाहीत, पण चहा प्यायला घरात गेले नाहीत, तिथेच मागवला.

२८ नोव्हेंबर

हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायला घेतलं. तीन नट आले, चौथ्याने स्टडच (ब्लॉकमध्ये बसलेला बोल्ट) तोडला. अगदी कळलं तुटताना, पान्याला आधी मऊ लागतं, वाटतं सुटला, आणि मग कट. मी जो परवा एवढं शहाणपण लिहिलंय भिजू देण्याचं, त्यानेच चौथ्या नटाला घाई केली कारण जेवणाची हाक आली होती.

१ डिसेंबर

उद्या निघायचं. हँडओव्हर: हेड निघालंय, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. नट-वॉशर बोर्नव्हिटाच्या डब्यात. तुटका स्टड ब्लॉकमध्ये अर्धा इंच वर आहे. लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) वरच्या बाजूला गंजाचे खड्डे दिसतात, बहुतेक बदलावा लागणार. सिलिंडरवर ताट उपडं घातलंय, स्टीलचं. (ही ताट शोधेल, तिला सांगायचं.)

१४ डिसेंबर, रिग

पहाटेची एसटी, मांडव्याहून लाँच, गेटवे, मग लोकलने जुहूच्या हेलिबेसला. वजन करतात, आपलं पण आणि बॅगेचं पण. दिवाळीच्या फराळाने आपलं तीन किलो वाढलेलं. काडेपेटी-लायटर काढून घेतात.

सध्या ट्रिपिंग चालू. बिट (खणणारं टोक) बदलायचं म्हणजे आतला सगळा पाइप बाहेर. तीन-तीन पाइपचा एक स्टँड, साधारण अठ्ठावीस मीटरचा, तो ओढायचा, स्लिप्स (खालचा पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरी) लावायच्या, टाँग (मोठा पाना) लावून आटा सोडायचा, स्टँड बाजूला उभा करायचा, परत एलिव्हेटर (पाइप पकडून उचलणारा) खाली. शंभर वेळा हेच. अंगावर चिखल आणि आट्याला लावायचं डोप (ग्रीस). काम कठीण नाही पण डोकं दुसरीकडे गेलं तर बोट जातं, म्हणून रोज शिफ्टच्या आधी मीटिंगमध्ये एकच रेकॉर्ड, हात कुठे आहे बघा. ऐकून कंटाळा येतो. तरी बघतो.

झोपायच्या आधी बंकमध्ये टॅली बुकच्या (पाइपच्या नोंदवहीच्या) मागच्या पानावर इंजिनाचं चित्र काढत बसतो. बाकीचे टीव्ही रूममध्ये नाहीतर कॅरम. माझा रूममेट जळगावचा, त्याला वाटतं मी काहीतरी परीक्षा देतोय.

२६ डिसेंबर, रिग

आज दत्तजयंती. भोवाळ्याच्या डोंगरावर जत्रा सुरू झाली असेल, पाच दिवस. ही पोराला घेऊन जाणार. दहा वर्षांत मला चार जत्रा मिळाल्यात. कॅम्प बॉसने शिरा केला होता, बरा होता.

३ जानेवारी २०२४, चौल

पिस्टन बाहेर. वरची रिंग खाचेत चिकटून एकजीव झालेली, दुसरी हात लावताच तीन तुकडे. लायनर बादच. माप घेतलं, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. रिगवर जनरेटरला कॅटरपिलरची ३५१६ इंजिनं आहेत, सोळा सिलिंडर, एकेकाचा बोअर १७०. त्यांच्या शेजारून रोज जातो आणि कधी काही वाटलं नाही, आणि इथे ही ऐंशी मिलिमीटरची बुडकुली हातात घेऊन अर्धा तास बसलो.

९ जानेवारी

पनवेलला जाऊन लायनर-पिस्टन किट, बिग-एंडचे शेल, गॅस्केट सेट आणला. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, भंगारात का देत नाही, नवीन मोटर एवढ्यात येते. म्हटलं लाईट गेल्यावर मोटर नुसती शोभेची. हसला आणि गॅस्केटचे शंभर कमी केले.

१३ जानेवारी

स्टड निघाला. रेवदंड्याच्या वेल्डिंगवाल्याला घरी आणला, त्याने तुटक्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरला, लाल असतानाच पाना लावून हळूहळू फिरवला, आला लोण्यासारखा. दहा मिनिटं. मी नोव्हेंबरपासून त्या अर्ध्या इंचाचं टेन्शन घेऊन फिरतोय, रिगवर स्वप्नात आला होता.

२० जानेवारी

रिंग गॅप तपासला. रिंग लायनरमध्ये टाकायची, पिस्टनच्या डोक्याने थोडी खाली सरळ ढकलायची आणि तोंडाशी फीलर गेज घालून बघायचं. एक रिंग घट्ट होती, तिचं तोंड सपाट कानशीने हळूच घासलं, दोन घास आणि माप, दोन घास आणि माप. पाच इंची पाइप हाताळणाऱ्या हाताला केसाएवढ्या फटीचं काम जमतंय याचं मलाच बरं वाटलं. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, आमच्या वेळी रिंग घालायची आणि चालवायची.

अण्णांचा उजवा अंगठा वाकडा आहे हे मी जन्मापासून बघतोय पण कशाने ते आज नीट विचारलं. याच इंजिनाने. हँडल मारताना मूठ वळून अंगठा पलीकडून धरला, इंजिनाने उलटा झटका दिला. तेव्हापासून ते हँडल चार बोटं आणि अंगठा एकाच बाजूला ठेवून धरतात. मला दोनदा धरून दाखवलं. आमच्या सेफ्टी ऑफिसरकडे याचं वीस स्लाइडचं प्रेझेंटेशन आहे, अण्णांनी नुसता अंगठा दाखवला.

८ फेब्रुवारी, रिग

रिगचे मेकॅनिक सांगलीचे, आम्ही सगळे मामा म्हणतो. टॅली बुकमधलं चित्र दाखवलं तर त्यांचे डोळेच चमकले, त्यांच्या मळ्यात पण हेच होतं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग कसं करायचं ते मेसमध्ये वाटीत वाटी फिरवून दाखवलं. पेस्ट थोडीच, जोर नाही, अर्धा फेरा इकडे अर्धा तिकडे, मधेच उचलून जागा बदलायची. सगळीकडे राखाडी रेघ एकसारखी आली की थांबायचं, जास्त केलं तर सीट खाली जाते. वर म्हणाले, व्हॉल्व्ह बसला का बघायला पोर्टमध्ये रॉकेल ओत, थेंब झिरपला तर परत कर. इथे हजारो हॉर्सपॉवर सांभाळणारा माणूस पाचच्या इंजिनावर दीड तास बोलला, सुपरवायझर दोनदा डोकावून गेला.

२७ फेब्रुवारी, चौल

व्हॉल्व्ह घासले. इनलेट पहिल्या झटक्यात, एक्झॉस्टला तीन संध्याकाळी लागल्या. रॉकेल झिरपत नाही आता. रात्री जेवताना हात वाटी फिरवत होता म्हणे, हिने टोकलं.

५ मार्च

नोझल आणि पंप अलिबागला टेस्टिंगला. पंपाचा प्लंजर अडकलेला, तिथल्या मिस्त्रीने सोडवला. नोझल टेस्टरवर लावून दांडा मारला की बारीक धूर निघतो, पण खरं बघायचं नाही ऐकायचं असतं. चांगलं नोझल कुरकुर बोलतं, खराब नुसतं मुततं (त्याचा शब्द). आमचं मुतत होतं. नवीन टाकलं, दोनशे किलो प्रेशरला सेट केलं, बोललं. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती, सगळ्यांनी मान डोलावली.

१२ मार्च

हेड बसलं. बसवायच्या आधी पिस्टनच्या डोक्यावर सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवले, हेड आवळलं, एक चक्कर फिरवली, परत उघडून चेपलेल्या तारेची जाडी मोजली, म्हणजे पिस्टन हेडला टेकत नाही ना कळतं. मग फायनल गॅस्केट. नट क्रॉसमध्ये, तीन फेऱ्यांत. यावेळी जेवणाची हाक आली तेव्हा पाना खाली ठेवून गेलो.

गांधीलमाश्या परत यायला लागल्यात. बघेल त्या भोकात माती.

१७ मार्च

आज इंजिनाचं काम बंद. भरतीला रेवदंड्याच्या खाडीवर गळ टाकून बसलो, पाच तासांत दोन शिंगाळ्या आणि एक चप्पल. कुणाशी बोलायचं नाही, रेडिओ नाही, अलार्म नाही. रिगवर चोवीस तास इंजिनाची घरघर असते, झोपेत पण, ती थांबली तर जाग येते. घरी आल्यावर पहिले दोन दिवस शांततेनेच झोप लागत नाही, मग खाडीवर येऊन बसलं की उतरतं.

२२ मार्च

उद्या निघायचं, आज सगळं घाईत, पोराची परीक्षा, आईचा डोळ्याचा डॉक्टर. हँडओव्हर: हेड टाइट, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, पंप बसवला, डिझेल पाइप जोडायचा राहिला. ऑइल भरलं नाही, भरलं नाही, भरलं नाही (तीनदा लिहितोय). एअर फिल्टर धुऊन फळीवर. सायलेन्सर चढवायचा आहे. झालं वाटतं.

२५ मार्च, रिग

काल होळी. गावात पालखी, शिमगा, आणि आम्ही केसिंग (तेलविहिरीला आतून लावायचे पाइप) उतरवतोय. आकाशाला फ्लेअरचा (जास्तीचा गॅस जाळतात त्या ज्वाळेचा) लाल उजेड असतोच, जळगावकर म्हणाला घे, रोजच होळी.

रात्री ब्रेकमध्ये वर आलो तर चहूबाजूला प्लॅटफॉर्मचे दिवे, पाण्यावर तालुक्याचं गाव वसल्यासारखं. सागर सम्राट रिगने १९७४ च्या फेब्रुवारीत इथे तेल काढलं तेव्हा अण्णा बावीस वर्षांचे. ते सांगतात, तेव्हा सगळ्या वाडीवाल्यांना वाटलं आपल्याच समुद्रात निघालंय म्हणजे डिझेल आता फुकट नाही तरी स्वस्त मिळेल. १९७६ ला उत्पादन सुरू झालं, दोन वर्षांनी अण्णांनी इंजिन घेतलं. अजून वाट बघतायत.

२४ एप्रिल, चौल

ऑइल भरलं, डिझेल पाइप जोडला, पंपाचा बोल्ट ढिला करून एअर काढली, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत. सायलेन्सर चढवला. अंधार पडता पडता बॅटरी तोंडात धरून एअर फिल्टर लावला. नारळ फोडला, डिकंप्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका वर, हँडल मारलं, स्पीड आल्यावर खटका खाली.

काही नाही. फुस्स. वीस वेळा मारलं असेल. खांदे गेले.

२५ एप्रिल

खटका खाली पाडल्यावर हँडल जड व्हायला पाहिजे, ते हलकंच राहतंय. म्हणजे कंप्रेशन नाही. म्हणजे व्हॉल्व्ह नाहीतर रिंगा. टॅपेट परत सेट केले. तेच. मामांना फोन लावला, ते म्हणाले रिंगांची तोंडं एका रेषेत आली असतील. नाही हो मामा, वेगवेगळी ठेवलीत. मग हेड उघड म्हणाले. ऐकून पोटात गोळा.

रात्री झोप नाही. शेजारचा येऊन सांगून गेला की त्याच्या मोटरला एक बटण असतं.

२७ एप्रिल

हे लिहायची लाज वाटते पण वही आहे तर लिहितो.

सकाळी हेडच्या नटाला पाना लावला होता. अण्णा म्हणाले, थांब, एकदा फिरव. मी खटका खाली ठेवून हळूहळू फिरवलं. त्यांनी कान लावला. त्यांना फोनवरचं ऐकू येत नाही, हिची हाक ऐकू येत नाही, पण म्हणाले, हे दम घेत नाहीये. एअर फिल्टर काढायला लावला, इनलेटच्या तोंडावर तळहात ठेवला, फिरव म्हणाले. तळहात ओढला जायला पाहिजे, गेला नाही. मग दोन बोटं आत घातली, मग पक्कड मागितली, आणि ओढून काढला माझ्याच जुन्या बॉयलर सूटचा नारिंगी तुकडा, हातभर, चंदेरी पट्टीसकट.

गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून २२ मार्चला मीच कोंबला होता. बोटाने, खोल. आणि हँडओव्हरमध्ये ऑइलचं तीनदा लिहिलंय, याचं एकदाही नाही. जो रंग समुद्रात पडलो तर दोन मैलांवरून दिसावा म्हणून घालायला देतात तो मला वीतभरावरून दिसला नाही. रिगवर तेलविहिरीच्या आसपास काम केलं की एकेक हत्यार मोजून आत आणि मोजून बाहेर. इथे मोजणारं कोण.

अण्णा हसले नाहीत. तो तुकडा धुऊन त्यांनी खिडकीच्या गजाला बांधून ठेवलाय, ते जास्त आहे.

हँडल परत मारलं. खटका टाकला तसं जड झालं, एक ठोका, दुसरा, सायलेन्सरमधून पांढरा धूर, मग काळा, आणि मग ते ठक ठक ठक सुरूच. आई देवघरातून बाहेर आली. म्हणाली, लाईट गेली का?

२९ एप्रिल

इंजिन चालतं तर पंप पाणी उचलेना. फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा) गळका. विहिरीत उतरायला लागणार वाटलं, अण्णांनी शेणकाला करून पंपात ओतला, शेण जाऊन फटीत बसतं आणि पाणी धरतं. पाचव्या मिनिटाला पाटात पाणी. पनवेलहून काहीही आणायला लागलं नाही.

७ मे

सकाळी मतदान उरकून आलो. वाडी इंजिनावर शिंपली, दीड तास. डिझेल तासाला साधारण लिटरभर जातं, म्हणजे रोजचं परवडणारं नाही, मोटरच बरी. पंधरवड्यातून एकदा चालवायचं ठरलंय, जाम होऊ नये म्हणून.

पंपाच्या पाण्याचीच एक बारीक नळी इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवलेली असते, ते पाणी बाहेर येताना कोमट-गरम येतं. अण्णा पूर्वी थंडीत त्यावरच आंघोळ करायचे. आज मे महिन्याच्या उकाड्यात लुंगी गुडघ्यावर घेऊन त्या धारेखाली पाय सोडून बसले होते, किती वेळ ते मोजलं नाही. मी आळ्यातलं पाणी फिरवायला गेलो, येऊन बघतो तर तिथेच.

१७ मे

हँडओव्हर, यावेळी घेणारा दुसरा आहे म्हणून मोठ्या अक्षरात लिहून इंजिनखोलीत चिकटवलाय. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. डिझेलचा कॅन डावीकडे, रॉकेलचा उजवीकडे. बंद करताना डिझेल तोडायचं, खटका उचलून बंद करायचं नाही. इनलेटमध्ये काहीही नाही. हँडल फक्त पोराने मारायचं, अण्णांनी नाही. (हे अण्णा मानणार नाहीत.)

३० मे, रिग

वाऱ्याचा जोर वाढलाय, क्रेन दुपारी बंद होती. हिने व्हॉइस मेसेज पाठवला, काल गावात लाईट गेली म्हणून चालवलं. चाळीस सेकंद नुसतं ठक ठक आणि मागे कोंबडा. बंकमध्ये पडदा ओढून चारदा ऐकलं, मग मेसमध्ये मामांच्या कानाला लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, म्हणाले, एक्झॉस्टचा टॅपेट वाजतोय, थोडा ढिला आहे.

घरी तसं कळवलं. रात्री पोराचा रिप्लाय, अण्णांना तुमच्या आधीच कळलंय, सकाळपासून उघडून बसलेत, पप्पा दहा-अकराचा पाना कुठे ठेवलाय?

तो माझ्या बॅगेत आहे. इथे.